पाटील मॅडमचे असिस्टंट

"झालं का?" हे दोन शब्द त्याला तोंडानं म्हणता येत नसत, आणि त्याची नोकरीच मुळी दिवसभर "झालं का?" म्हणत फिरण्याची होती.

नवी मुंबईत, महाप्याला आमचं ऑफिस होतं. लोकांचा माल कंटेनरमध्ये भरून न्हावा शेव्याच्या बंदरात वेळेवर पोचवायचा, हा धंदा. मी कागदपत्रांच्या टेबलावर आणि तो माझ्या शेजारच्या टेबलावर, कोऑर्डिनेटर म्हणून. सोमवारच्या मीटिंगमध्ये ज्यानं जे करतो म्हणून मान हलवली असेल, ते त्यानं खरंच केलं की नाही हे त्याच्या मागे लागून बघायचं, एवढंच त्याचं काम. त्याच्याआधी त्या खुर्चीत बसणारी मुलगी इतकी खमकी होती की तिला बघून माणसं लिफ्ट सोडून जिन्यानं जायची. ती लग्न होऊन पुण्याला गेली आणि साहेबांनी याला आणलं. सहा फुटांच्या वर उंची, तालमीत कमावलेले खांदे, मूळ गाव साताऱ्याकडचं. साहेबांनी मुलाखतीत प्रश्न न विचारता नुसता त्याचा आकार बघितला असावा, असा मला कायम संशय आहे. ऑफिसनं पहिल्याच दिवशी त्याचं नाव पैलवान ठेवलं आणि तेच चिकटलं.

आकाराचा उपयोग झाला, पण साहेबांना वाटला होता तसा नाही. पैलवानाला कुणाकडे काही मागायचं असलं की तो त्या माणसाच्या खुर्चीमागे जाऊन उभा राहायचा. बोलायचा नाही. कीबोर्डवर अचानक अंधार पडला की समजायचं, मागे पैलवान आहे. आपण दचकून "काय रे?" विचारलं की म्हणायचा, "काही नाही ताई, पाणी प्यायला चाललो होतो." पाण्याचा कूलर दुसऱ्या टोकाला होता. मग तो खरंच तिकडे जाऊन पाणी पिऊन यायचा, आणि आपलं कुठलं काम राहिलंय ते आपण बसून आठवायचं. पहिल्या दोन महिन्यांत त्यानं किती पाणी प्यायलं असेल देव जाणे. उन्हाळा होता म्हणून ते खपून गेलं.

"माझं काही नाही, सवडीनं" हे त्याचं ठरलेलं वाक्य. "तुम्हाला जमेल तेव्हा" हे दुसरं. बंदराचं गेट बंद व्हायला दोन तास उरलेत, ट्रक तुर्भ्याच्या गर्दीत अडकलाय, माझी एक सही मिळाली नाही तर कंटेनर पुढच्या जहाजापर्यंत पडून राहणार, आणि हा मला सांगतोय, "ताई, गेट पाचला बंद होतंय, पण घाई नाही." मी कोकणातली. आमच्याकडे मागायला कुणी लाजत नाही आणि द्यायला कुणी घाई करत नाही. त्यामुळे या माणसाचं नक्की कुठे अडतंय हे मला बरेच दिवस कळलंच नाही.

कळलं ते बसमध्ये. तो कोपरखैरण्याहून बसनं यायचा. आमच्या स्टॉपला दुसरं कुणी उतरणारं असलं तर हा त्याच्यामागून उतरायचा. कुणी नसलं तर बस थांबवायला सांगायची कशी, म्हणून पुढच्या स्टॉपपर्यंत जायचा आणि चालत मागे यायचा. काही दिवशी तो ऑफिसात उजवीकडून येई, काही दिवशी डावीकडून, त्याचं कारण हे. या भानगडीसाठी तो घरातून अर्धा तास लवकर निघायचा. एक दिवस मीच त्या बसमध्ये होते. आमचा स्टॉप आला तरी हा दांडीला धरून खिडकीबाहेर बघत उभा. मी ओरडून बस थांबवली. उतरल्यावर म्हणाला, "बरं झालं ताई तुम्ही होता. आज ऊन फार आहे."

कँटीनमध्येही तेच. चपात्या वाढणारा "आणखी?" विचारत यायचा आणि पैलवान रीतीप्रमाणे आधी "नको" म्हणायचा. घरी "नको"नंतर आग्रह होतो. कँटीनमध्ये "नको"नंतर वाढपी पुढे जातो. एवढा देह दोन चपात्यांवर चालायचा. शेवटी मी माझ्या ताटात चार घ्यायला लागले आणि दोन त्याच्याकडे सरकवायला लागले. माझ्या खाण्याची ऑफिसभर जी कीर्ती झाली ती त्याच्यामुळे.

कुणाकडे काही मागावं लागू नये म्हणून त्यानं स्वतःचं सगळं विकत आणून ठेवलं होतं. स्टेपलर, पंचिंग मशीन, कात्री, टेप, दोन तऱ्हेचे चार्जर, डोकेदुखीच्या गोळ्या. ऑफिसातली माणसं त्याच्या ड्रॉवरमधून उचलून नेत आणि परत देत नसत. हा परत मागणार कसा? पुन्हा नवीन आणायचा. मी ती नोकरी सोडली तेव्हा माझ्या टेबलात त्याचे तीन स्टेपलर निघाले. ते मी परत केले की नाही हे इथं सांगण्याची गरज नाही.

असा माणूस दुसऱ्या कुठल्याही ऑफिसातून दोन महिन्यांत घरी गेला असता. पण जे तोंडानं जमत नाही ते हातांनी करून दाखवायचं, ही त्याची जिद्द होती. कुठकुठली सॉफ्टवेअरं एकमेकांना जोडून, चार-पाच महिने खपून त्यानं एक यंत्रणा उभी केली. मीटिंगच्या टेबलावर मधोमध त्याचा फोन ठेवलेला असायचा. फोन सगळ्यांचं बोलणं ऐकायचा, ते लिहून काढायचा आणि त्यातून कुणी काय करायचं, कुठल्या वारी, याची यादी तयार करायचा. आपण मीटिंगमधून येऊन खुर्चीला टेकेपर्यंत ज्याचं त्याचं काम ज्याच्या त्याच्या मोबाईलवर येऊन पडलेलं. मुदत टळली की पहिली आठवण. दुसऱ्या दिवशी दुसरी. तिसरी आठवण मुंबईच्या मोठ्या ऑफिसलाही जायची. काम झालं असं नुसतं कळवून भागायचं नाही, फोटो नाहीतर कागद जोडावा लागायचा. सगळं आपोआप. पैलवानाला जागेवरून उठायची गरज उरली नाही.

या सगळ्या निरोपांखाली सही असायची ती पाटील मॅडमची.

पाटील मॅडम कोण, असं मी विचारलं. तर म्हणाला, कुणीच नाही. मग तुझं नाव का नाही घातलंस? तर म्हणाला, "ताई, माझ्या नावानं आलं तर लोक सवडीनं करतील."

मॅडमची भाषा बघण्यासारखी होती. 'आपल्याकडून काल चार वाजेपर्यंत कंटेनरच्या सीलचे फोटो अपेक्षित होते. ते आलेले नाहीत. कारण कळवावे.' ना नमस्कार, ना कृपया. यातलं अक्षर न् अक्षर या गड्यानंच लिहून ठेवलेलं. एवढा दरारा त्यानं पोटात कुठे लपवला होता कोण जाणे. मी तसं म्हटलं तर कानाला हात लावायचा. "मी नाही ताई, त्या बोलतात." कायम 'त्या'. कुणी तक्रार घेऊन आलं तर हा खालच्या आवाजात सांगायचा की त्या कुणाचं ऐकत नाहीत, काल मलाही दोन आठवणी आल्यात. ते खरंच होतं. मीटिंगमध्ये त्याच्याही वाट्याला कामं यायची आणि मॅडमचा निरोप आला की हा स्वतःच लिहिलेलं वाक्य वाचून घाबराघुबरा होऊन कामाला लागायचा.

सुरुवातीला मॅडमना थट्टा कळत नसे. एकदा एका ट्रान्सपोर्टरनं सलग तीन वेळा गाड्या उशिरा पाठवल्या, तेव्हा साहेब मीटिंगमध्ये वैतागून म्हणाले की याला आता ट्रकसकट वाशीच्या खाडीत ढकलून द्या. पाच मिनिटांत साहेबांच्या फोनवर आलं: 'ट्रान्सपोर्टरला ट्रकसह वाशीच्या खाडीत ढकलणे. जबाबदारी: साहेब. मुदत: शुक्रवार.' साहेब हसले आणि विसरले. पैलवानाला दिसत होतं की हे बंद करायला हवं, पण साहेबांना जाऊन सांगणार कोण? शुक्रवार गेला. पहिली आठवण आली, दुसरी आली, आणि तिसरी मुंबईला गेली. मुंबईहून साहेबांना फोन आला, काम अजून का झालं नाही म्हणून. त्या दिवसापासून साहेबांनी हुकूम काढला की यादी जाण्याआधी एका जिवंत माणसानं वाचायची, फालतू ओळी काढून टाकायच्या आणि मगच बटण दाबायचं. ते काम अर्थात पैलवानाकडे आलं. पुढचं सगळं रामायण या एका बटणावरून झालं.

त्याआधी मॅडमना भेटायला आलेल्या माणसाचं सांगते.

उरणकडचा आगरी माणूस, आमच्या यार्डात सुपरवायझर. एका सकाळी इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, हातात पेढ्यांचा बॉक्स आणि पत्रिका घेऊन दारात उभा. पत्रिकेवर लिहिलेलं, 'सौ. पाटील मॅडम व श्री. पाटील'. श्रींची भर त्यानं अंदाजानं घातली होती.

"मॅडम कुठं बसतात?" त्यानं मला विचारलं. "मना त्यांशी समोरासमोर बोलाचा हाय."

मी पैलवानाकडे बघितलं. तो टेबलाखाली पडलेलं पेन शोधायला वाकला होता आणि वर यायचं नाव घेत नव्हता. मला राहवलं नाही. मी म्हटलं, मॅडम मीटिंगमध्ये आहेत, पण हे त्यांचे असिस्टंट. पैलवान टेबलाखालून लालबुंद होऊन वर आला. सुपरवायझर खुर्ची ओढून त्याच्यापुढे बसला आणि मन मोकळं केलं. रोज सकाळी साडेनऊला मॅडमचा निरोप येतो, जेवताना येतो, जराही दयामाया नाही. आता घरात लग्न आहे. "परवा पोरीची हलद हाय. चार दिवस मना फोटो पाठवाला नाय जमनार. तुमी मॅडमला सांगा." हळद म्हटल्यावर आगऱ्याच्या घरी काय गर्दी उसळते हे नवी मुंबईत राहणाऱ्याला सांगायला नको. माणूस अगदी काकुळतीला आलेला होता.

पैलवान "सांगतो" म्हणाला आणि कॉम्प्युटरकडे वळला. दोन मिनिटांनी सुपरवायझरचा फोन वाजला. 'हळदीच्या शुभेच्छा. चार दिवस आपल्याला आठवण येणार नाही. यार्डातील बदली माणसाचे नाव कळवावे.' त्यानं ते दोनदा वाचलं आणि फोन कपाळाला लावला.

"बाई कडक हाय, पन मनानं चांगली हाय," तो म्हणाला. मग पैलवानाकडे जरा कीव येऊन बघत विचारलं, "तुमच्याशी पन अशाच बोलतात काय?"

"माझ्याशी जास्तच," पैलवान म्हणाला.

पेढे आम्ही दोघांनी खाल्ले. मॅडमच्या वाटचा एक त्यानं बाजूला काढून ठेवला होता, तो मी संध्याकाळी खाल्ला.

एवढं सगळं उभं केलं तरी पैलवान कंत्राटावरच होता. अकरा महिन्यांचं कंत्राट, ते संपलं की दुसरं, मग तिसरं. साहेब माणूस चांगला, पण त्यांचं लक्ष एका जागी ठरायचं नाही. दर सोमवारी मीटिंग संपता संपता, खुर्चीतून उठताना त्यांना याची आठवण व्हायची. "आणि हो, याचं कन्फर्मेशन या आठवड्यात करून टाकू." सगळे माना डोलवायचे, पैलवान टेबलाकडे बघायचा आणि आठवडा निघून जायचा. मला वाटे, मुंबईचं ऑफिस अडवत असेल.

त्यात त्याचं काय अडकलंय हे मला त्याच्या वडिलांकडून कळलं. एकदा हा मोबाईल घरी विसरला आणि ते तो द्यायला रिक्षानं आले. मी गेटवर गेले तेव्हा म्हातारबुवा वॉचमनच्या खुर्चीत बसून वॉचमनलाच विचारत होते, आमच्या पोराला कायम कधी करणार? त्याआधी त्यांनी पाणी मागितलं होतं, पंखा आपल्याकडे फिरवून घेतला होता आणि चहाही सांगून झाला होता. हा माणूस पैलवानाचा बाप कसा, याचं मला नवल वाटलं. मला बघितल्यावर मोर्चा माझ्याकडे वळला.

"पोराला पर्मनंट कवा करताय, बाई?"

मी म्हटलं, मी कोण करणार. मग त्यांनी सगळं सांगितलं. तीसेक वर्षं कांदा-बटाट्याच्या मार्केटात पाठीवर पोती वाहिली, आता दोन्ही गुडघे गेले. डॉक्टर म्हणतात बदला. पोरगा कायम झाला की आईबापाच्या दवाखान्याची सोय कंपनी करते. "मी म्हनलं, मीच येतो इचारायला. तर म्हनतो, आबा, तुमी आलासा तर मी नोकरी सोडीन." हे सांगताना ते हसत होते. मग उठले. गेटची एकच पायरी होती, ती त्यांनी तिरकं होऊन, वॉचमनच्या खांद्याला धरून, एकेक पाय खाली टेकवत उतरली. मला ते बघवलं नाही. रिक्षात बसल्यावर पुन्हा आवाज पूर्वीसारखा, "बघा बरं का बाई."

त्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी पैलवान माझ्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला. मी वळले. तो पाणी प्यायला गेला नाही.

"ताई, एक मागायचं होतं."

मी हातातला चहा खाली ठेवला. तीन वर्षांत या माणसानं माझ्याकडे साधी टाचणी मागितली नव्हती. वडिलांना सोमवारी सरकारी दवाखान्यात एक्स-रेला न्यायचं होतं, तर त्या दिवशीची यादी मी बघून पाठवायची. त्यानं वळणदार अक्षरात कागद लिहून आणला होता, पायऱ्या घालून. कॉम्प्युटर कुठला, पासवर्ड काय, फालतू ओळी कशा ओळखायच्या. चौथी पायरी होती: 'यादीतली शेवटची ओळ काढून टाकणे.' मी विचारलं, ती कशाची? म्हणाला, ती चुकून येते, दर वेळी येते, वाचायची गरज नाही, नुसती काढायची. "तेवढं नक्की करा ताई. विसरू नका."

सोमवारी मीटिंग झाली. मी यादी उघडली. शेवटची ओळ होती: 'कन्फर्मेशनचे पत्र काढणे. जबाबदारी: साहेब. मुदत: शुक्रवार.'

काढलेल्या ओळी एका बाजूला साठून राहत. मी तिथं जाऊन बघितलं. खाडीच्या प्रकरणानंतरचा एकेक सोमवार, आणि प्रत्येक सोमवारी तीच ओळ, त्यानं स्वतःच्या हातानं काढलेली. मी मागे मागे जात राहिले आणि दमून थांबले. मुंबईचं ऑफिस वगैरे काही नव्हतं. पाटील मॅडम तर दर आठवड्याला त्याचं काम साहेबांना सांगायला तयार उभ्या होत्या, हाच त्यांच्या तोंडावर हात ठेवत होता. मला रडू आलं आणि रागही आला. राग जास्त आला, कारण गेटची ती पायरी उतरणारा म्हातारा मला डोळ्यांपुढे दिसत होता.

ओळ तशीच ठेवून बटण दाबायचं अगदी हातात आलं होतं. पण त्यानं जन्मात एक गोष्ट मागितली होती. मी ओळ काढली, यादी पाठवली आणि उठून साहेबांच्या केबिनमध्ये गेले.

साहेबांना मी सरळ विचारलं, याचं कन्फर्मेशन का होत नाही? साहेबांनी मान वर केली. "म्हणजे? झालं नाही अजून?" मग त्यांनी खरोखरच बुचकळ्यात पडून सांगितलं की पाटील मॅडमचं कधी काही आलं नाही, त्यामुळे त्यांना वाटलं की ते झालं. मग दर सोमवारी पुन्हा का म्हणता, असं मी विचारलं. तर म्हणाले, बोलून टाकलं की पुढचं मॅडम बघतात, आपण कशाला डोक्यात ठेवायचं. सगळं ऑफिस असंच चालायला लागलं होतं, मीसुद्धा. यादीत जे नाही ते राहिलेलंच नाही.

मला वाटलं, आता साहेब लगेच पत्र काढतील. पण ते पेन बोटांत फिरवत बसले. पुढच्या महिन्यापासून मुंबई नवीन कायम नेमणुका थांबवणार होती, आणि महिना संपत आला होता, म्हणजे व्हायचं ते याच आठवड्यात. आणि कायम करायचं तर त्याच्या हाताखाली दोन माणसं द्यावी लागणार. "माणसांना काम सांगावं लागतं हो. हा मला आजवर एक वाक्य बोललेला नाही. याला माणसं कशी देऊ?" मी म्हटलं, तो अर्ज लिहून देईल. साहेब म्हणाले, "लिहिलेलं मी रोज वाचतो त्याचं. येऊन तोंडानं सांगू दे. मग मी आहे."

मंगळवारी पैलवान आला. आल्या आल्या विचारलं, ओळ काढली ना? मी म्हटलं, काढली. त्याचा जीव भांड्यात पडला. मग मी पुढचं सांगितलं. तो इतका पांढरा पडला की मला त्याला बसवावं लागलं.

"मी नको म्हटलं होतं, ताई."

"ओळ नको म्हटलं होतंस. माझ्या तोंडाबद्दल तुझ्या कागदात काही लिहिलेलं नव्हतं."

दिवसभर तो माझ्याशी बोलला नाही. दुपारी मी चपात्या सरकवल्या, त्या त्यानं परत सरकवल्या. बुधवारी मात्र त्यानं स्क्रीन माझ्याकडे वळवली. साहेबांसाठी मजकूर तयार होता: 'आपल्याकडून कन्फर्मेशनचे पत्र अपेक्षित आहे. विलंबाचे कारण कळवावे.' खाली पाटील मॅडम. भाषा नेहमीसारखी खणखणीत, फक्त बटण दाबायचं राहिलं होतं. माझ्याकडे न बघता म्हणाला, तुम्ही दाबता? मी नाही म्हटलं. मग विचारलं, एवढं लिहिता येतं तर बोलायला काय होतं रे तुला? त्यानं स्क्रीन पुन्हा स्वतःकडे वळवली. मग म्हणाला, "लिहिलेल्याला नाही म्हणाले तर ते मॅडमना म्हणतात, ताई. मला नाही." आणि त्यानं मजकूर पुसून टाकला. माझा राग तिथंच उतरला, पण मी ते त्याला दाखवलं नाही.

गुरुवार उजाडला. साहेब शुक्रवारी सकाळी बाहेरगावी जाणार ते महिना उलटल्यावर येणार. पैलवान अकरा वाजता उठून केबिनच्या दारापर्यंत गेला आणि परत आला. जेवणानंतर पुन्हा गेला, या वेळी आतही गेला, आणि साहेबांच्या टेबलावरचे रिकामे कप घेऊन बाहेर आला. ऑफिसात आता सगळ्यांना कळलं होतं. कुणी काही बोलत नव्हतं, पण कुणाचं काम पुढे सरकत नव्हतं. चारच्या सुमाराला साहेब बॅग भरायला लागले. पैलवान उठला. शर्ट नीट खोचला. केबिनला काच होती, पण त्याची पाठ एवढी रुंद की साहेब त्यामागे पूर्ण झाकले गेले. मला फक्त त्याचे हात दिसत होते, मागे एकमेकांत घट्ट धरलेले.

अर्ध्या मिनिटात तो बाहेर आला आणि सरळ माझ्या टेबलाशी.

"विचारलं," तो म्हणाला.

"काय म्हणाले?"

"ते ऐकायला थांबलो नाही."

आणि तो दार उघडून जिन्याकडे निघून गेला. पाठोपाठ साहेब हातात पेन घेऊन बाहेर आले. "अरे, गेला कुठे हा? मी हो म्हणतोय आणि हा चालायला लागला."

तो खालच्या मजल्याच्या वळणावर पायरीवर बसला होता. अख्खी पायरी त्याला पुरत नव्हती. कपाळावर घाम होता. मी वरच्या पायरीवर बसले आणि सांगितलं, साहेब हो म्हणालेत. त्याला ते पहिल्यांदा ऐकू गेलं नाही असं वाटलं, म्हणून मी पुन्हा सांगितलं.

"नक्की?"

"नक्की. सगळ्यांसमोर म्हणाले."

त्यानं तोंड भिंतीकडे वळवलं. डोळे भरले होते, ते त्यानं शर्टाच्या बाहीला पुसले. मग हळूच विचारलं, "पत्र कधी देणार?"

मी विचारून येते, असं म्हणायला माझं तोंड उघडलंही होतं. मी ते मिटलं.

"ते मी नाही विचारलं," मी म्हटलं. "ते तूच विचार."

त्यानं एकदा माझ्याकडे बघितलं, मग कठड्याला धरून उठला आणि वर गेला. मी मुद्दाम मागोमाग गेले नाही. दहा मिनिटं तिथंच बसून राहिले. वर आले तेव्हा काचेतून दिसलं, तो साहेबांच्या समोरच्या खुर्चीत बसला होता. साहेब बोलत होते आणि तो ऐकत होता.